पायरी चौथी, आक्काला विचारणे

शिरूर,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

आदरणीय झुंबर आक्का यांस,
नमस्कार.

मी शायना सत्तार तांबोळी. दोन महिन्यांपूर्वी सर्जेराव ट्रॅव्हल्सच्या शिरूर ऑफिसात कॉम्प्युटरच्या कामाला लागले. तीन दिवस तुम्हाला फोन लावतेय, तुम्ही उचलत नाही. दौंडच्या गाडीचे विक्रमदादा म्हणाले, "आक्का फोनवर बोलत न्हाईत. चिठ्ठी लिही, गाडी पाटसवरनंच जाती, मी देतो." म्हणून हे पत्र.

विषय असा. आपल्या गाड्या रांजणगावच्या कंपन्यांचे कामगार नेतात आणि आणतात. कुठली गाडी कधी सोडायची ते ऑफिसातला डेटाबेस ठरवतो, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणारा कॉम्प्युटर. त्याच्या पोटात एक प्रोसिजर साठवलेली आहे. प्रोसिजर म्हणजे एकदा शिकवून ठेवलेलं काम. बाहेरून नुसतं तिचं नाव घ्यायचं, मग ती आपल्या पायऱ्या एकामागून एक करते आणि उत्तर देते. या प्रोसिजरचं नाव 'गाडी_सोडा'. चार दिवसांपूर्वी मी ती पहिल्यांदा उघडून वाचली. पायरी पहिली, शिफ्ट बघणे. दुसरी, ड्रायव्हर बघणे. तिसरी, डिझेल बघणे. चौथी, आक्काला विचारणे.

मला वाटलं, आक्का हे कुठल्यातरी मशिनचं नाव असेल. पण पुढे मोबाइल नंबर होता आणि तो तुमचा निघाला. तुमचा 'व्हय' आल्याशिवाय प्रोसिजर पाचव्या पायरीवर जातच नाही. आपले मालक सत्यजीत सर, त्यांना विचारलं तर ते खुर्चीत सरळ होऊन बसले. म्हणाले, "आत्या आहेत माझ्या. वडिलांनी घातलंय ते." थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांना तूच लिही."

आता कंपनीची अट आहे की त्यांच्या ॲपवरून थेट गाडी मागवता आली पाहिजे. या महिनाअखेर ते नीट चाललं नाही तर आपलं काम दुसऱ्या ट्रॅव्हल्सला जाईल. त्यासाठी आम्ही एक एपीआय नेमला आहे. येत्या सोमवारपासून तो रोज पहाटे तुमच्या प्रोसिजरला कॉल करेल. उत्तराची तीस सेकंद वाट बघेल. नाही मिळालं तर पुन्हा कॉल करेल. आपण सहकार्य करावं, ही विनंती.

आपली,
शायना तांबोळी


पाटस,
७ जानेवारी

चिरंजीव शायना हिला झुंबरबाईचा आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी विक्रमनं दिली. अक्षर चांगलं हाय. तुझ्या वडलांचं शिरूरला रेडिएटरचं दुकान हाय म्हणला. मंग सर्जाच्या गाड्या त्यांच्याच हाताखालनं गेल्या असत्यान.

फोन उचलत न्हाई त्याचं कारण असं का, मी बोलत बसले आन् तेवढ्यात गाडीचा मेसेज आला तर गाडी अडंल. म्हून हा फोन फक्त गाड्यांचा. अकरा वरसं झाली, एक गाडी माझ्यामुळं अडली न्हाई.

सर्जेराव माझा धाकटा भाऊ. त्याला ल्हानपणापसनं कुणी व्हय म्हणल्याबिगर पाय उचलायची सवय नव्हती. टोपी घालू का आक्का, जेवू का आक्का. गाड्या घेतल्या तवाबी तसंच. गाडी सोडू का आक्का, दिवसाला धा-बारा फोन. मंग कॉम्प्युटर आणला. साई नावाचं पोरगं आलं व्हतं ते बसवायला. त्यानं इचारलं, काका, तुमची पद्धत सांगा. सर्जा म्हणला, मी करतो तसंच्या तसं घाल. पोरगं इमानी, त्यानं तसंच घातलं. सर्जा जाऊन दोन वरसं झाली, पर मशीन अजून मला इचारतं.

ते ऱ्हाऊ दे. तू एपीआय नेमला म्हणतीस. हे कुठल्या ठाण्याचे? आमच्याकडं याआधी कवा पोलीस आला न्हाई. प्रोसिजर करायला येणार म्हंजी काय करणार, ते नीट कळव. तुझी चिठ्ठी मी वट्ट्यावर मोठ्यानं वाचली, तर माझे दीर तात्याबा यांनी उठून विजेच्या खांबावरचा आकडा काढला आन् दुपारच्या यष्टीनं भईनीकडं निघून गेले. आता घरात उजेड न्हाई. शेजारच्यांनीबी आपापले आकडे काढल्यात. आख्ख्या आळीला काल अंधारात जेवावं लागलं.

आनखी एक. सायेब तीस सेकंद दारात थांबून परत जाणार आन् परत येणार, असं का करत्यात? माझं गुडघं धरल्यात, तीस सेकंदात माझा हात कडीपतूर जात न्हाई. त्यांना म्हणावं जरा दम धरा. चहाला दूध किती ठिवू तेबी लिही.

झुंबरबाई


शिरूर,
८ जानेवारी

आदरणीय आक्का,

चूक माझी झाली. एपीआय म्हणजे पोलीस नाही. तो माणूसच नाही. तो एक प्रोग्राम आहे, ऑफिसच्या दारातल्या शिपायासारखा. कंपनीचं ॲप त्याला सांगतं, गाडी हवी. तो आत डेटाबेसकडे जाऊन प्रोसिजरचं नाव घेतो, बाहेर उभा राहतो, आणि उत्तर मिळालं की नेऊन देतो. 'कॉल' म्हणजे नुसतं नाव घेणं. तुमचा फोन वाजणार नाही, फक्त नेहमीचा मेसेज येईल. तुम्ही नेहमीसारखं 'व्हय' पाठवायचं. जरा लवकर पाठवलंत तर बरं होईल, कारण हा शिपाई उतावळा आहे.

दूध ठेवू नका. तात्याबांना परत बोलवा. आकड्यांबद्दल मी काही वाचलं नाही, असं समजा.

आपली,
शायना


पाटस,
१३ जानेवारी, सोमवार

चि. शायना,

आज तुझ्या शिपायाचा पहिला दिस. तुला कळवायला पायजे म्हून लगीच लिहिते.

सकाळी मी म्हशीच्या धारंला बसले व्हते. फोन पदरात व्हता, तो हलायला लागला. म्हैस अडेल हाय, मधीच उठलं तर दूध चोरती, आन् हात कासंला. मंग धार पुरी केली, हात धुतलं आन् बगितलं तर चौदा मेसेज. 'दौंडसाठी गाडी सोडू का.' सगळे सारखेच. सर्जा ज्यादा घाबरला की असाच घडीघडी इचारायचा, तसं वाटलं. मी चौदाच्या चौदांना व्हय धाडलं. एकालाबी नाराज केलं न्हाई.

सगळं बरूबर झालं ना? विक्रमसंगं उद्या तिळगूळ धाडते.

झुंबरबाई


शिरूर,
१५ जानेवारी

आदरणीय आक्का,

तिळगूळ मिळाला. अम्मीला फार आवडला. तुमच्या तिळगुळात कूट जास्त आहे, असं ती म्हणाली आणि हे चांगलं म्हणाली.

सोमवारी सगळं बरोबर झालं नाही. तुम्हाला दोष नाही, म्हणून सांगते. एपीआय तीस सेकंद थांबला, कंटाळला, आणि त्याने पुन्हा कॉल केला. प्रत्येक कॉलला एक नवी प्रोसिजर सुरू झाली आणि चौथ्या पायरीवर तुमच्यासाठी थांबली. एपीआय सोडून गेला तरी त्या आत रांगेत उभ्याच होत्या. तुम्ही चौदा वेळा व्हय म्हणालात. एका व्हयला एक गाडी.

आपल्याकडे गाड्याच चौदा आहेत. त्या सगळ्या दौंडला गेल्या. तिथे पहिल्या शिफ्टच्या नऊ बाया उभ्या होत्या. त्यातली प्रगती म्हणून एक आहे, तिने सांगितलं की समोरून गाड्यांची रांग येताना बघून त्यांना वाटलं मंत्री आला. त्या बाजूला होऊन उभ्या राहिल्या. मग प्रत्येकीला ॲपवर वेगळी गाडी दिसली आणि त्या आपापल्या गाडीत बसल्या. पाच गाड्या रिकाम्या मागे चालल्या. विक्रमदादा म्हणाले, असा वरात काढायचा योग पुन्हा येणार नाही. तिकडे शिक्रापूरच्या चौकात तीनशे लोक उभे होते आणि त्यांना न्यायला गाडी नव्हती.

कंपनीचा माणूस ऑफिसात येऊन बरंच बोलला. सत्यजीत सर ऐकून घेत होते. त्यानंतर त्यांनी प्रोसिजरमध्ये एक छोटी सुधारणा सुचवली, ती मी केली आहे. तुम्ही पूर्वीसारखंच उत्तर देत जा. आता मुळीच घाई नको. आधी धार पुरी करा.

आपली,
शायना


पाटस,
२० जानेवारी

चि. शायना,

तू काय सुधारणा केलीस ती लई झ्याक हाय. आता एकच मेसेज येतो आन् गाडी येवढ्या बिगीनं सुटती की इचारू नको. काल तर मी फोन हातात घ्यायच्या आतच रस्त्यावर विक्रमचा हॉर्न वाजला. मला वाटलं हे मशीन आता माझ्या मनातलं वळखतंय.

पैलं असं नव्हतं. तुला म्हून सांगते, कुणाला सांगितलं न्हाई. अकरा वरसं मी पहाटं चारला उठते. जत्रा न्हाई, पावनं-रावळं न्हाई. सविता माझी लेक, बारामतीकडं दिलीय. तिच्या पोरीचं बारसं व्हतं तवा मी दारापतूर गेले, पिशवी घेतली, आन् ध्यानात आलं की तिच्या घरात रेंज न्हाई. तसीच माघारी फिरले. पोर आता चौथीत हाय. सविता म्हणती, आये, तुला नातीपरीस गाडी लाडकी. तसं न्हाई. पर तीनशे-चारशे माणूस माझ्या एका शब्दासाठी वाटंला उभं ऱ्हातंय म्हणल्यावर कसं हलावं? तूच सांग.

गावात मला कुणी काय इचारत न्हाई. शेतात काय पेरायचं ते तात्याबा ठरीवत्यात. ते परत आल्यात, आकडाबी परत आलाय.

झुंबरबाई


पाटस,
२३ जानेवारी

शायना,

काल मी न्हाई म्हणले.

परवा सांजच्याला विक्रम दाराशी आला व्हता. दाढ सुजलीय, तीन रातीची झोप न्हाई, गाल असा का पेरू धरलाय तोंडात. म्हणलं रजा घे. म्हणला, सत्यजीत सायबाला कोण इचारणार. मी म्हणलं, तू जा घरी, सकाळी मी बघते.

सकाळी मेसेज आला, 'दौंडसाठी विक्रमची गाडी सोडू का.' मी धाडलं, न्हाई. दोनदा वाचून धाडलं. अकरा वरसात पैलं न्हाई. मंग वट्ट्यावर येऊन उभी ऱ्हायले.

विक्रमची गाडी आली. त्यानं एका हातानं गाल धरला व्हता आन् दुसऱ्या हातानं मला नमस्कार केला. स्टेअरिंग कुणी धरलं व्हतं ते तू त्याला इचार. गाडी माझ्या म्होरनं गेली.

तवा मला येवढंच सांग. माझं न्हाई कुठं गेलं?

झुंबरबाई


शिरूर,
२४ जानेवारी

आदरणीय आक्का,

तुमचं 'न्हाई' एका रकान्यात जाऊन पडलं आहे. ते तिथे आहे, मी आज पाहिलं. पण तो रकाना कुणी वाचत नाही. चौदा गाड्यांच्या दिवशी सर म्हणाले, "आत्यांना काढ त्यातनं." मी म्हटलं, तुम्ही आधी त्यांच्याशी बोला. ते म्हणाले, मला शिक्रापूरला जायचंय, आणि गेले. मग मी चौथी पायरी अशी केली की तुम्हाला मेसेज जातो, पण उत्तरासाठी कुणी थांबत नाही. प्रोसिजर स्वतःच 'व्हय' धरून पुढे जाते.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मेसेज चालू ठेवला. सरांना वाटलं मी कळवीन, मला वाटलं सर कळवतील. तुमचं वीस तारखेचं पत्र वाचल्यावर मला जेवण गेलं नाही, तरी मी लिहिलं नाही. विक्रमदादांच्या रजेचं मी सरांना सांगितलं आहे. ते आज घरी आहेत.

तुम्ही रागावलात तर ते बरोबर आहे.

शायना


शिरूर,
२८ जानेवारी

आदरणीय आक्का,

तुमचं उत्तर आलं नाही. पण तुमची बातमी रोज येते.

ॲपवर गाडी सुटल्याचं एका सेकंदात दिसतं. कंपनी खूश होती. मग शनिवारपासून दौंडच्या बाजूची प्रत्येक गाडी कामावर पाऊण तास उशिरा पोचायला लागली. मी नकाशावर पाहिलं तर सगळ्या गाड्या पाटसला, तुमच्या घरासमोर उभ्या. ड्रायव्हरांना फोन केला. अक्रमभाई म्हणाले, "आक्का रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसल्यात. न विचारता पुढं कसं जायचं?" मी विचारलं, त्यांनी हात केला का? म्हणाले, नाही. थांबा म्हणाल्या का? नाही. मग थांबता का? त्यावर ते माझ्यावरच चिडले. म्हणाले, तुला आई न्हाई का.

काल नकाशावर तुमच्यासमोर आपल्या सहा गाड्या होत्या. अक्रमभाई म्हणतात, दुसऱ्या ट्रॅव्हल्सच्याही दोन होत्या, कारण पुढची गाडी थांबली म्हणून त्याही थांबल्या, आणि आता त्यांनाही सवय लागली आहे.

तीन दिवसांत महिना संपतो. सर म्हणतात, चौथी पायरी होती तशी परत घाल. मी म्हटलं, ते दहा मिनिटांचं काम आहे, पण आधी आक्कांना विचारा. ते म्हणाले, तूच विचार. मी या वेळी नाही म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं.

म्हणून हे पत्र फक्त कळवण्यासाठी आहे. यात प्रश्न नाही.

शायना


पाटस,
२ फेब्रुवारी, रविवार

चि. शायना हिला झुंबरबाईचा आशीर्वाद.

तुझ्या दोन चिठ्ठ्या पोचल्या. उत्तर दिलं न्हाई, कारण सकाळ खुर्चीत जायची आन् दुपारी कंबर धरायची.

मी रागानं बसले न्हवते, हे आधी सांगते. पहाटं चारला जाग आली. आता कशाला उठायचं, असं वाटलं आन् पडून ऱ्हाता येईना. म्हून रस्त्यावर खुर्ची टाकली, येवढंच. अक्रम आला, थांबला, काच खाली करून म्हणला, आक्का, जाऊ का. म्हणलं, जा. मागच्यानं इचारलं. त्याच्या मागच्यानं. कुणाचा लेक आजारी, कुणाला साखर हाय आन् सकाळी खाऊन निघाला न्हाई. मेसेजात हे कवा कळत न्हवतं. एकाला भाकरी आणून दिली, तो खातोय तवर मागं रांग लागली. मंग कारखान्याला निघालेलं उसाचं ट्रॅक्टर थांबलं. तेला मी काय सांगणार? तरी म्हणलं, जा बाबा, सावकाश जा.

बुधवारी खराखुरा एपीआय आला. टोपी, काठी, जीप. तात्याबा मागच्या दारानं गेले, ते अजून आल्याले न्हाईत. सायेब म्हणला, "आजी, हायवेला कुणाच्या परवानगीनं बसलाय?" मी म्हणलं, "मी परवानगी देते, घेत न्हाई." तो हासला न्हाई. ड्रायव्हर मंडळींनी त्याला सगळं सांगितलं. चहा घेतला त्यानं. दूध कमी व्हतं, कोरा दिला. जाताना जीपमधी बसला, चावी फिरीवली, आन् माझ्याकडं बगत ऱ्हायला. जीप चालू, सायेब बसल्याला, आन् जाईना. शेवटी मी मान हलीवली तवा गेला.

त्याच दिशी सांजला सत्यजीत आला. गाडी लांब लावली आन् चालत आला. जिमिनीवर बसला, माझ्या खुर्चीच्या पायाशी. चहा झाला, भाकरी झाली. म्हशीची चौकशी केली, तात्याबांची केली. अंधार पडायला लागला, तवा मान खाली घालून म्हणला,

"आत्या, रागावणार न्हाई ना?"

"इचार आधी."

"तुला त्यातनं काढू का?"

पोरी, अकरा वरसात मला गाड्यांचं इचारलं. माझं असं कुणी इचारलं न्हवतं. सर्जानं घातलं तवाबी मला इचारून घातलं न्हवतं, आन् तुमी काढलं तवाबी न्हाई. दिवा लावला, खुर्ची आत घेतली. पोरगं तसंच बसल्यालं, त्याच्या बापासारखं.

मी म्हणलं, "व्हय. काढ."

त्यानं माझ्या पायावर डोकं ठिवलं आन् लई येळ उचललं न्हाई. मंग म्हणला, ड्रायव्हर आजारी असंल तर त्यानं कुणाला सांगावं? मी म्हणलं, तुला. तू मालक हायेस. तो म्हणला, मला भ्या वाटतं न्हाई म्हणायचं. मी म्हणलं, मलाबी वाटलं व्हतं, एकदा म्हणून बघ.

गुरवारी सकाळी खुर्ची आतच ऱ्हायली. विक्रम परवा येऊन गेला, दाढ काढली. तो म्हणला, कंपनीनं काम आपल्याकडंच ठिवलं आन् शायना बाईची नोकरी पक्की झाली. बरं झालं.

उद्या मी बारामतीला चाललेय, सविताकडं. फोन इथंच ठिवून. धा दिसांनी येईन. मंग एका ऐतवारी तू आन् तुझी आई हमीदाबाई दोघी जेवायला या. तिळाची चटणी करून ठिवते.

आज सकाळी जाग आली तवा ऊन अंगणात आल्यालं. म्हैस वरडत व्हती. मी घाबरून उठले, बाहेर आले. रस्ता मोकळा. शेजारणीला इचारलं, दौंडची गाडी गेली का गं? ती म्हणली, कवाच गेली.

मला कळलंच न्हाई.

झुंबरबाई